दोघांत एक स्टिक

पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळातली स्टिक ताठ असावी की जराशी लवणारी, या एका प्रश्नावर आम्ही दोघांनी अकरा वर्षं वाद घातला, आणि ती अकराही वर्षं एकाच स्टिकनं खेळलो. समोरासमोरचे दोन खेळाडू आणि दोघांत मिळून एक स्टिक, असा प्रकार मी दुसरीकडे कुठं पाहिलेला नाही. क्लबातले लोक हसायचे. मला चिडायला फार वेळ लागत नाही, त्यामुळे लोकही एकदाच हसायचे.

तो धारवाडचा, कानडी, पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला. मी हुबळीचा, मराठी. बाजारात आमचं कापडाचं दुकान, ते आता पुतणे बघतात आणि मी गेलो की खुर्ची पुसून देतात, म्हणजे ‘काका, तुम्ही बसा, कशाला हात लावू नका’. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी पुण्याला, रोज फोन करते आणि रोज विचारते, जेवलात का. घरी बोलायला कोणी नाही, म्हणून मी टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्यांशी भांडतो. माझ्या आठवड्यात गुरुवार सोडला तर सहा दिवस होते आणि सहाही सारखेच होते. गुरुवारी दुपारी तीनला तो धारवाडहून बसनं यायचा, आणि मी देशपांडे नगरातल्या क्लबाच्या पायरीवर पावणेतीनपासूनच उभा असायचो. पावणेतीनपासून उभा असतो हे त्याला कळू नये म्हणून तो दिसला की घड्याळाकडे बघून म्हणायचो, ‘आलास? मी आत्ताच येतोय.’

स्टिक दोघांत एक कशी झाली तेही सांगायला हवं. क्लबाच्या सहा स्टिका होत्या, आणि टेबलावर लोळवल्या की सहाही जणींची टोकं नाचायची. एका सभासदानं बेंगळुरूला बदली झाल्यावर आपली मेपलच्या लाकडाची स्टिक विकायला काढली. मी हातात घेतली आणि मला हवी झाली. मग धारवाडच्या या माझ्या दोस्तानं घेतली आणि त्यालाही हवी झाली. दोघांचाही हात तिच्यावरून निघेना, तेव्हा क्लबाचा मार्कर, म्हणजे टेबलं सांभाळणारा आणि गुण मांडणारा माणूस, कंटाळून म्हणाला की दोघं मिळून घ्या आणि माझ्या टेबलावरून बाजूला व्हा. आम्ही घेतली. मार्करनं पातीचा, म्हणजे स्टिकच्या पुढच्या निमुळत्या भागाचा, व्यास मापला आणि पेन्सिलीनं पिशवीच्या आतल्या बाजूला लिहून ठेवला, तेरा मिलिमीटर. पुढं टोकाचं चामडं बदलताना लागतो म्हणाला.

नियम असा ठरला, की ज्याचा नेम चुकेल त्यानं स्टिक उलटी धरून, मूठ पुढं करून, दुसऱ्याच्या हातात द्यायची. आणि एक आठवडा ती हुबळीत माझ्या घरी, एक आठवडा धारवाडात त्याच्या घरी. गुरुवारी खांद्यावर ती लांबडी पिशवी अडकवून तो बसमध्ये चढला की कंडक्टर विचारायचा, “बंदूक ऐतेन्री?” बंदूक आहे का? तो म्हणायचा, “हौद री.” हो तर. अकरा वर्षं हाच विनोद. कंडक्टर बदलले, विनोद तोच राहिला.

आता ताठपणाबद्दल. स्टिक बघायची माझी एक रीत आहे. आधी टेबलावर लोळवायची. मग डोळ्याशी धरून सरळ आहे का बघायची. मग दोन बोटांत सैल धरून मधोमध तळहातानं हलकी टपली द्यायची. टपलीची थरथर लाकडातून बोटांत येते. लगेच थांबली तर स्टिक ताठ, रेंगाळली तर मऊ. हे सगळ्यांनाच कळतं. पण थरथर किती रेंगाळली, बोटाच्या शेंड्याला लागली की पेऱ्यापर्यंत आली, हे कळायला बोटं तयार असावी लागतात. आणि माझी तयार होती, याचा मला गर्व होता. झाकून कशाला ठेवू.

हा गर्व घराण्यातला. आमचे वडील कापसाच्या बाजारात दलाल होते. गाठ फोडली की ते चिमूटभर कापूस काढायचे, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ओढायचे, पुन्हा जुळवायचे, पुन्हा ओढायचे, आणि डोळे मिटून तंतू किती लांब आहे ते सांगायचे. समोरचा व्यापारी मान हलवायचा. त्यांच्या अंगठ्याशी कोणी वाद घातलेला मी बघितला नाही. मी लहानपणी विचारलं होतं की डोळे का मिटता? ते म्हणाले, डोळे उघडे असले की माणसाला हवं तेच दिसतं. पुढं दुकानात मीही पोत डोळे मिटून सांगायचो. आमच्या घरात माणूस चुकू शकत होता, बोटं चुकत नव्हती.

मला ताठ स्टिक आवडते. फटका मारला की हाताला एकदाच टक् असं कळतं आणि विषय संपतो. बॉल जिथं जायचा तिथं सरळ जातो. त्याला मऊ आवडायची. ॲशच्या लाकडाच्या जुन्या स्टिका हातात घेऊन तो खूश व्हायचा. बॉल गेल्यावरही त्यांच्यात बारीक गुणगुण उरते, ती त्याला हवी असायची. “अदराग जीव ऐती,” म्हणायचा, तिच्यात जीव आहे. मी म्हणायचो, जीव तुझ्यात ठेव, लाकडाला ताठ राहू दे. तो म्हणायचा, “स्वल्प बग्गबेकु.” थोडं वाकता आलं पाहिजे. हे तो स्टिकबद्दल म्हणतोय की माझ्याबद्दल, ते मी कधी विचारलं नाही.

आमची मेपलची त्या दोन्हींच्या मधली होती, म्हणून भांडण कधी मिटलं नाही. त्यात आणखी हवामान. धारवाडला पाऊस जास्त, हवा ओलसर. हुबळी कोरडी, धुळीची. स्टिक त्याच्याकडे आठवडाभर राहून आली की मला ती जराशी सुस्त लागायची, माझ्याकडे राहिली की पुन्हा कडक व्हायची. डोळे मिटून, नुसत्या टपलीवरून, ही कुठल्या गावाहून आली ते मी सांगायचो. क्लबात दोन-तीनदा मला तसं करून दाखवायला लावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात मोठ्यानं त्यानं वाजवल्या होत्या.

गणपती होऊन गेल्यानंतरचा गुरुवार होता. स्टिक धारवाडहून आली होती. मी नेहमीप्रमाणे टपली मारली आणि काहीच आलं नाही. म्हणजे आलं, पण पलीकडच्या खोलीतून कोणी बोलावं तसं. फटका मारला तर ठोक हाताला लागला नाही. सोपे बॉल भोकाच्या ओठावरून परत यायला लागले.

“काय केलंस हिला?” मी विचारलं.

“एनू माडिल्लपा,” तो म्हणाला. काहीच केलं नाही रे बाबा.

“ओल लागली असेल.”

“पलंगाखाली असते. कोरडी.”

पुढचा आठवडा ती माझ्याकडे होती. मी ती दुपारच्या उन्हाशी, खिडकीपासून हातभर लांब, जपून ठेवली. तरी गुरुवारी तशीच. मेलेली. त्याच्या पुढच्या गुरुवारी ती पुन्हा त्याच्याकडून आली तेव्हा मी तिच्यावरून बोट फिरवलं आणि मला पाती जास्तच गुळगुळीत लागली. मग माझ्या डोक्यात सगळं एकदम जुळलं. याला मऊ हवी होती. अकरा वर्षं हवी होती. यानं कुणाकडून तरी पाती घासून बारीक करून घेतली, म्हणजे ती लवेल. मला न विचारता.

मी तसं बोललो. मार्कर तिथंच चॉक पुसत उभा होता, कोपऱ्यात दोघं-तिघं पत्ते खेळत होते, तरी मी आवाज खाली घेतला नाही.

“घासलीस ना? खरं सांग.”

“इल्लो.” नाही रे.

“माझ्या बोटांना कळतं.”

“तुझ्या बोटांना कळत असेल. पण मी नाही घासली.”

“खोटं बोलतोस.”

खात्यात पस्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस, ज्याच्यावर कुणी कधी बोट ठेवलं नाही, त्याला मी चारचौघांत खोटारडा म्हटलं. त्यानं खिशातून रुमाल काढला, स्टिक टोकापासून मुठीपर्यंत पुसली, दोन भाग सोडवले, पिशवीत घातले, चेन ओढली आणि पिशवी माझ्या खुर्चीवर ठेवली. “तूच ठेव,” म्हणाला आणि गेला. मला वाटलं, पाणी प्यायला गेला. मी चांगली वीस मिनिटं वाट बघितली.

पुढच्या गुरुवारी तो आला नाही. मी पायरीवर साडेतीनपर्यंत उभा होतो. त्याच्या पुढच्या गुरुवारी चारपर्यंत. फोन करायचं मनात आलं की मनातच उत्तर तयार असायचं, चूक त्याची, फोन त्यानं करावा. तो करीत नव्हता. असे चार महिने गेले.

गुरुवारी मी एकटाच खेळायचो. दोघांचा डाव एकट्यानं. माझा नेम चुकला की टेबलाला वळसा घालून त्याच्या बाजूला जायचो आणि त्याच्या वतीनं खेळायचो. पहिल्यांदा तसं केलं तेव्हा सवयीनं मी स्टिक उलटी करून मूठ पुढं केली होती. समोर भिंत. मार्करनं पाहिलं आणि विचारलं, “सावकार्र, ओब्बर आडतीरी?” शेठ, एकटेच खेळता? मी म्हटलं, सराव करतोय. त्यानं डोळे दुसरीकडे वळवले, आणि मला त्याचा राग आला. दया केलेली मला सोसत नाही.

आणि त्या मेलेल्या स्टिकनं खेळणं तर नकोच झालं होतं. तेव्हा मी नवीन शोधायला लागलो. आधी क्लबाच्या सहा जुन्या बघितल्या. सगळ्या बोथट. पूर्वी त्यांतली एक ॲशची होती, तिची गुणगुण खांद्यापर्यंत यायची, तीही गप्प. मग विद्यानगरात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर कॉलेजच्या पोरांचं पूल पार्लर आहे तिथं गेलो. एवढ्या मोठ्यानं गाणी लावतात की आपलाच विचार आपल्याला ऐकू येत नाही. पोरं मात्र भली निघाली. एका मुलीनं स्वतःची कार्बन फायबरची काळी स्टिक माझ्या हातात दिली. “अंकल, ट्राय माडरी. लोखंडाच्या गजासारखी ताठ आहे.” मी दोन बोटांत धरली, टपली दिली, डोळे मिटले. मग डोळे उघडून तिला सांगितलं, “ही मऊ आहे.”

तिनं स्टिक परत घेतली, माझ्यासारखीच टपली दिली, आणि मैत्रिणीकडे बघून भुवया उंचावल्या. मी दोघींना दहा मिनिटं भाषण दिलं. हल्ली लाकूड पिकू देत नाहीत, कार्बनमध्ये भेसळ करतात, तुम्हाला चांगली स्टिक कशी असते ते माहीतच नाही. त्या दोघींनी ऐकून घेतलं, वर मला सरबत आणून दिलं. आज आठवलं की कानशिलं तापतात.

धारवाडलाही गेलो. सुभाष रोडवर खेळाच्या सामानाचं एक दुकान आहे, त्यानं पाच स्टिका काढून दाखवल्या. मेपलच्या दोन, ॲशची एक, एक फायबरची, एक कसल्याशा देशी लाकडाची. दुकानदार म्हणाला, या पाचांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मला पाचही सारख्याच लागल्या. पाचही मऊ, पाचही दूरच्या. त्याला म्हटलं, तुझा मालच वाईट आहे, आणि उन्हात बाहेर आलो. तिथून माझ्या दोस्ताचं घर चालत दहा मिनिटांवर. त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. त्याच्या दारातल्या तुळशीला ऊन लागू नये म्हणून बांधलेलं हिरवं कापड तिथून दिसतं. ते बघितलं आणि परत फिरलो. बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती. एवढ्या माणसांत, भर दुपारी, मी खिडकीकडे तोंड करून रडलो.

पुढं जे कळलं ते एका चपलेमुळं. मी भाजी आणायला निघालो होतो. मागून फळवाली ओरडली, “अण्णा, चप्पल!” वळून बघितलं तर माझी डावी चप्पल वीस पावलं मागं रस्त्यात पडलेली. मी अनवाणी चालत होतो आणि मला पत्ता नव्हता. रस्ता चांगला तापलेला होता. तळवा बघितला तर लाल. मला तो तापलेला लागलाच नव्हता.

मुलीला फोनवर सहज म्हणून सांगितलं. तिनं पुण्यातून देशपांडे नगरातल्या डॉक्टरची वेळ घेतली आणि मला तिथं जायला लावलं. साखर मला चौदा वर्षं आहे. गोळी घेतो म्हणजे झालं, असा माझा समज. डॉक्टरनी पायांना टाचणीसारखं काहीतरी टोचून बघितलं, कापूस फिरवला, मग एक दोन पायांचा पोलादी चिमटा काढला, तळहातावर आपटला आणि त्याचं बूड माझ्या पायाच्या अंगठ्यावर ठेवलं.

“थरथर जाणवते?”

“नाही.”

मग हात पुढं करायला सांगितला. चिमटा पुन्हा आपटला आणि माझ्या तर्जनीच्या नखामागं टेकवला.

“आता?”

“अजून वाजवला नाहीत तुम्ही,” मी म्हटलं.

मग डॉक्टरनी बोलता बोलता तोच चिमटा उचलून माझ्या कोपराच्या हाडावर ठेवला आणि माझ्या अंगातून झुंईं करून गेलं. तो वाजतच होता. बोटावर होता तेव्हाही वाजत होता.

“बोटं कधीपासून अशी आहेत?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गणपतीपासून. ते म्हणाले, एका दिवसात होत नाही हे, वर्षानुवर्षं हळूहळू होतं, कळतं मात्र एका दिवशी. पुढं ते बरंच काही बोलले, साखर, तपासण्या, पायाला जखम होऊ देऊ नका. मी ऐकत नव्हतो. माझ्या डोळ्यांसमोर तो रुमालानं स्टिक पुसत होता.

तरीही मी थेट धारवाडला गेलो नाही. इतका चिवट आहे मी. आधी पिशवी घेऊन क्लबात गेलो आणि मार्करला म्हटलं, हिचा व्यास माप. कुठंतरी मला अजून आशा होती. बोटं गेली असतील, पण घासलीही असेल. दोन्ही होऊ शकतं. त्यानं आपलं मापायचं यंत्र काढलं, टोकाशी लावलं, मग हातभर खाली, मग आणखी खाली. पिशवीच्या आतला पेन्सिलीचा आकडा बघितला. “तेरा,” तो म्हणाला. “अदच ऐती. होती तेवढीच आहे.” आणि मग, माझ्याकडे न बघता, “त्यांनी कशाला घासली असती, सावकार्र?”

रविवारी सकाळी मी धारवाडच्या बसमध्ये बसलो. स्टिक मांडीवर आडवी. काय बोलायचं ते पाठ करत होतो, कानडीत, कारण मराठीत मला माघार घ्यायची सवयच नाही. दोनच शब्द होते. ‘तप्पु नंद.’ चूक माझी. मग बोटांचं सांगायचं, चिमट्याचं सांगायचं, तेरा मिलिमीटर सांगायचे. वाटेतलं नवनगर येईपर्यंत माझं सगळं पाठ झालं होतं, आणि बऱ्याच दिवसांनी मला भूक लागली होती.

दार वहिनींनी उघडलं. मी त्यांना अक्का म्हणतो. “बर्री अण्णा,” या, म्हणाल्या आणि आत वळून नवऱ्याला हाक मारली तेव्हा त्यांचा आवाज जरा वर गेला. तो बाहेर आला. चार महिन्यांत वाळला होता. दाढी दोन दिवसांची. हा माणूस रोज दाढी करणारा. “बा, कूड,” म्हणाला. ये, बस. आम्ही बसलो. मी पिशवी दोघांच्या मध्ये कोचावर ठेवली. अक्का चहा ठेवायला म्हणून आत गेल्या आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबल्या.

मी तोंड उघडणार इतक्यात तो बोलला.

“तप्पु नंद.”

मला वाटलं, माझंच मनातलं मला ऐकू आलं. पण तो बोलत होता, खाली फरशीकडे बघत. म्हणाला, तुझ्या बोटांना बरोबर कळलं होतं. मी घासून घेतली होती. इथं मागच्या गल्लीत एक सुतार आहे, त्याच्याकडून. थोडी मऊ व्हावी म्हणून. तुला विचारायला हवं होतं. वर खोटं बोललो. मला क्षमा कर.

सगळं एका दमात म्हणाला, साहेबापुढं टिपण वाचून दाखवावं तसं. मी दुकानदार माणूस, तोंडातून सवयीनं निघून गेलं, “किती घासली?”

तो गडबडला. दाराकडे बघितलं. अक्कांनी मान खाली घातली. “अर्धा,” तो म्हणाला. “अर्धा मिलिमीटर असेल.”

खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आणि मग मला कळलं की हे चार महिने याचेही तसेच गेले. यालाही गुरुवार होता. घरात बायको असून याच्याशी टेबलाच्या पलीकडून भांडणारं कोणी नव्हतं. मी येणार नाही, मी वाकणार नाही, हे तो धरूनच चालला होता. मग एकच वाट उरली होती. न केलेला गुन्हा कबूल करायचा. किती दिवस तो ही वाक्यं जुळवत बसला असेल, कुणास ठाऊक. तो बोलायला सुरुवात करेपर्यंत माझ्या तोंडात खरं तयार होतं. तो थांबला तेव्हाही ते तिथंच होतं.

आता बोलायला हवं होतं. मी खिशात हात घातला, तिथं डॉक्टरची चिठ्ठी होती. मला वाटलं, आता सांगितलं तर हा खोटा पडेल, बायकोच्या देखत पडेल. नको. त्याच्या अब्रूसाठी मी गप्प बसतोय असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते मला तेव्हा पटलंही. खरं निराळंच होतं. ‘तुझ्या बोटांना बरोबर कळलं होतं’ हे वाक्य मला इतकं गोड लागलं होतं, की ते परत करायची माझी छाती होत नव्हती. त्याच्या लाल झालेल्या कानांकडे मी बघत होतो आणि मला बरं वाटत होतं. असा माणूस आहे मी.

अक्का चहा घेऊन आल्या. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, निकालाची वाट बघावी तसा.

मी पुढं वाकलो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, “जाऊ दे रे. झालं ते झालं. माफ केलं तुला.”

त्याचे डोळे भरून आले. हात खांद्यावर नीट टेकला आहे की नाही, ते मी बघून खात्री करून घेतली.